मांजराचा दात बारीक, सूज मोठी: चाव्याची जखम चिघळते तेव्हा काय तपासायचं

प्राण्यांच्या निवाऱ्यात मी गेली १४ वर्षं काम करते आणि प्रथमोपचाराची पेटी माझ्या ताब्यात असते. त्यामुळे कुणाला कुत्रा चावला, मांजराने बोचकारलं, की तो माणूस आधी माझ्यासमोर येऊन बसतो. लचके तुटलेले दंड मी पाहिले आहेत, फाटलेल्या कानाच्या पाळ्या पाहिल्या आहेत. पण ज्या जखमेने आमच्या लोकांना सगळ्यात जास्त वेळा रुग्णालयात झोपवलं, ती दिसायला टाचणीच्या भोकाएवढी असते. प्रसंगही ठरलेला. संध्याकाळी मांजर पिंजऱ्यात घालताना चावतं, रक्ताचे दोन थेंब येतात, "काही नाही हो, एवढंसं तर आहे" म्हणत माणूस बोट तोंडात घालतो आणि कामाला लागतो. सकाळी त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही.

मी डॉक्टर नाही. माझं काम एवढंच, की कोणती जखम माझ्या पेटीवर भागेल आणि कोणती तासाभरात डॉक्टरांसमोर जायला हवी हे ओळखायचं. त्यासाठी मी ज्या क्रमाने बघते तो क्रम इथे लिहिते आहे. आधी फुकटचं आणि सोपं, मग अवघड.

लक्षणं: किती तासांनी आली ते आधी बघा

सूज, लाली, ठणका ही लक्षणं सगळ्यांनाच येतात. मी आधी विचारते ते घड्याळ, कारण प्रत्येक जिवाणूची चाल वेगळी आहे.

चावल्यानंतर काही तासांत, एका रात्रीत हात लाल होऊन फुगला, जखमेच्या मानाने ठणका फारच जास्त आहे, भोकातून पाणी किंवा करडट स्राव येतो आहे, तर पहिला संशय पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूवर. तो मांजराच्या तोंडात जवळजवळ कायमचा मुक्कामाला असतो, कुत्र्यांच्याही तोंडात पुष्कळदा असतो. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चिघळलेल्या चाव्यांचा एक गाजलेला अभ्यास छापून आला होता. त्यात मांजराच्या चाव्यांपैकी ७५ टक्के आणि कुत्र्याच्या चाव्यांपैकी ५० टक्के जखमांत पाश्चुरेला गटातले जिवाणू सापडले. चावल्यापासून पहिली लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ (म्हणजे निम्म्यांना त्याआधीच लक्षणं आली) मांजराच्या बाबतीत १२ तास, कुत्र्याच्या बाबतीत २४ तास. म्हणजे "उद्या बघू" म्हणणाऱ्याचा उद्या उजाडायच्या आत निकाल लागलेला असतो. (या जिवाणूला नाव मिळालं लुई पाश्चर यांचं, आणि रेबीजची लस माणसाला १८८५ मध्ये प्रथम दिली गेली तीही पाश्चर यांचीच. चाव्याच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा.)

दोन-तीन दिवसांनी पू धरला, भोवतालची कातडी गरम आणि कडक झाली, तर स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस हे नेहमीचे असामी असतात. त्यातले काही तर आपल्याच कातडीवरचे. पुवाला घाण वास येत असेल तर हवेशिवाय वाढणारे जिवाणू आत बसले आहेत असं समजायचं. खरं तर एकटा जिवाणू क्वचितच सापडतो, चार-पाच जाती एकत्र नांदत असतात.

तिसरा प्रकार मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. जखम जवळजवळ बरी दिसते, पण साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास, कधी दोन आठवड्यांपर्यंतही, अचानक ताप, हुडहुडी, उलट्या, जुलाब, अंग मोडून येणं सुरू होतं. माणूस म्हणतो, पोट बिघडलं. कुत्रा चावला होता हे तो विसरूनही गेलेला असतो. कॅप्नोसायटोफॅगा कॅनिमॉर्सस नावाचा जिवाणू असा वागतो. नावातल्या 'कॅनिमॉर्सस'चा अर्थच कुत्र्याचा चावा. धडधाकट माणसाला तो सहसा त्रास देत नाही, पण प्लीहा काढलेल्या, यकृत खराब झालेल्या किंवा फार दारू पिणाऱ्या माणसाच्या रक्तात तो एकदा शिरला तर जीव घेऊ शकतो. त्याला चावाही लागत नाही. उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटलं तरी पुरतं.

आणि चौथा, सगळ्यात संथ. ओरखडा कधीच भरून आला, पण एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत अवधाण (दुखरी गाठ) आलं. त्याबद्दल खाली वेगळं लिहिते.

पहिली तपासणी: जखम धुतली का, आणि किती वेळ?

याला पैसा लागत नाही, अक्कलही फारशी लागत नाही, तरी निम्मे लोक इथेच चुकतात. "धुतली" म्हणजे नळाखाली बोट धरून दहा सेकंद. मी घड्याळ लावून १५ मिनिटं धुवायला लावते: वाहतं पाणी आणि साबण. पहिली दोन मिनिटं लोक हसतात, पाचव्या मिनिटाला कंटाळतात, मी समोरून हलत नाही.

एवढा वेळ कशासाठी? एक तर वाहत्या पाण्याने लाळ आणि जिवाणूंची संख्या कमी होते, आणि जखम चिघळणार की नाही हे त्या संख्येवर बरंचसं ठरतं. दुसरं म्हणजे रेबीजचा विषाणू साबणाने निकामी होतो. जागतिक आरोग्य संघटना १५ मिनिटं सांगते ती मुख्यतः त्यासाठी. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावलं तर उत्तम. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढत बसू नका, त्याने आतलं निरोगी मांसही भाजतं. तेल, पावडर, घरगुती लेप, चिकटवायचा गोंद, काहीही नको. जखमेचं तोंड बंद करणारी प्रत्येक वस्तू आतल्या जिवाणूंची सोय करते. वरून कोरडी, सैल जाळीची पट्टी, बस.

रक्त थोडं वाहत असेल तर धुताना वाहू द्या, तेही घाण बाहेर नेतं. पण पिळू नका, चोखू तर अजिबात नका. आपल्या तोंडातही जिवाणू कमी नाहीत. रक्त थांबतच नसेल तर मात्र आधी स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, धुणं त्यानंतर.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ याच वेळी काढा. सूज आल्यावर अंगठी कापावी लागते, आणि ती कापेपर्यंत बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

दुसरी: दोन तारखा शोधा

हा मजकूर जिवाणूंबद्दलचा आहे आणि रेबीज हा विषाणू. पण रेबीज बाजूला ठेवून चाव्याबद्दल बोलणं म्हणजे बेजबाबदारपणा. एकदा लक्षणं दिसू लागली की रेबीजमधून माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, आणि लक्षणांआधी लस घेतली तर तो जवळजवळ नक्की टळतो. प्राण्याचं लसीकरण, त्याचं वागणं, तो प्राणी आत्ता कुठे आहे, हे विचारून घ्या, आणि रेबीज असलेल्या भागात असाल तर चावा छोटा असो की मोठा, त्याच दिवशी लसीसाठी जा. रक्त न आलेला ओरखडासुद्धा लसीच्या यादीत आहे. कातडी फाटून दात किंवा नख आत गेलं असेल तर लसीसोबत जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) भरावं लागतं. कुत्रा किंवा मांजर १० दिवस नजरेखाली ठेवतात ते लस पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायला, सुरू करायला उशीर करण्यासाठी नाही.

दुसरी तारीख धनुर्वाताची. तो मात्र जिवाणूचाच आजार. चाव्याची जखम मातकट, खोल, म्हणजे धनुर्वाताच्या दृष्टीने 'घाण' धरतात. लहानपणचे डोस पूर्ण असतील आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तर एक बूस्टर घ्यायचा. डोस पूर्ण झाले की नाही हेच आठवत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा, अशा वेळी लसीबरोबर तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात. "दर वेळी एक टीटी मारून घेतो" असं म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगते, टीटीने फक्त धनुर्वात टळतो. पाश्चुरेलाला टीटीची काही पडलेली नसते.

तिसरी: कुणाचा दात, आणि जखमेचा आकार कसा?

कुत्र्याचा दात बोथट आणि जबडा जोरकस. तो मांस चिरडतो, फाडतो. जखम भयानक दिसते, पण उघडी असते आणि आत पाणी पोचतं. मांजराचा दात सुईसारखा. तो कातडीतून सरळ आत जातो, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी), सांधा, हाड जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत जिवाणू सोडतो आणि बाहेर येतो. वरचं भोक तासाभरात मिटतं. म्हणजे इंजेक्शनच, फक्त औषधाऐवजी लाळेचं. डॉक्टरांकडे पोचणाऱ्या कुत्र्याच्या चाव्यांपैकी साधारण ५ ते १५ टक्के चिघळतात, मांजराच्या चाव्यांपैकी ३० ते ५० टक्के.

म्हणून माझा नियम उलटा आहे. भोकातून रक्त कमी आलं तर काळजी जास्त. मांजराचा दात आत गेलाय, मग जखम हातावर असो वा पायावर, मी "वाट बघू" म्हणत नाही. लाली यायच्या आधीच, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते. अशा चाव्यांना ३ ते ५ दिवसांचं प्रतिबंधक प्रतिजैविक सहसा देतात आणि ते पहिल्या काही तासांत सुरू झालं तरच त्याला अर्थ आहे.

नुसता वरवरचा ओरखडा, कातडी जेमतेम सोललेली, माणूस निरोगी: हे मात्र (रेबीजचा हिशेब वेगळा ठेवून) धुणं आणि लक्ष ठेवणं यावर भागतं.

लहान मुलांच्या बाबतीत एक अपवाद. मोठ्या कुत्र्याने मुलाच्या डोक्याला धरलं असेल तर वरून दोन भोकं दिसतात, पण कोवळ्या कवटीतून दात आत गेलेला असू शकतो. तिथे माझ्या पेटीचा काही संबंध नाही, सरळ रुग्णालय.

चौथी: जखम कुठे आहे?

हात, मनगट, बोटांची पेरं, पाऊल, चेहरा, जननेंद्रियं आणि कुठल्याही सांध्यावरची जखम. यातलं काहीही असेल तर डॉक्टर. मांडीवर किंवा दंडावर मांस भरपूर, रक्तपुरवठा चांगला. बोटात मात्र कातडीच्या खाली लगेच कंडरा, आणि कंडरेभोवती नळीसारखं वेष्टन. त्या नळीत जिवाणू शिरले की बोटाच्या टोकापासून तळहातापर्यंत त्यांना मोकळा रस्ता मिळतो. शिवाय चावताना बोट वाकलेलं असतं, नंतर सरळ केलं की कंडरा सरकते आणि तिच्यावरचं भोक कातडीच्या भोकाखाली राहत नाही. वरून कितीही धुतलं तरी पाणी तिथवर जातच नाही.

चेहऱ्याचं थोडं निराळं आहे. तिथे रक्तपुरवठा इतका चांगला की जखमा कमी चिघळतात, आणि व्रण राहू नये म्हणून डॉक्टर टाकेही घालतात. हाताच्या चाव्याला मात्र सहसा टाके घालत नाहीत. "एवढी फाटली आणि शिवली पण नाही" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मला उलट बरं वाटतं, डॉक्टर जाणकार असल्याची ती खूण.

पाचवी: माणूस कोण आहे?

एवढे प्रश्न मी तोंडी विचारते: साखर आहे का? प्लीहा काढली आहे का, किंवा ती नीट काम करत नाही असं कुणी सांगितलंय का? यकृताचा आजार, रोजची दारू? स्टेरॉइड, केमोथेरपी, प्रतिकारशक्ती कमी करणारं कुठलं औषध? कृत्रिम सांधा किंवा हृदयाची कृत्रिम झडप? ज्या बाजूला चावा आहे त्या बाजूची स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्या आहेत का? गरोदर?

एकाला जरी "हो" आलं तर बाकीच्या तपासण्या सोडून द्या आणि निघा. प्लीहेचा मुद्दा लोक हमखास विसरतात. अपघातात पंधरा वर्षांपूर्वी काढली, आता काही त्रास नाही, मग सांगायचं कशाला? रक्तातले जिवाणू गाळून मारण्याच्या कामात प्लीहेचा मोठा वाटा असतो. ती नसलेल्या माणसाला कुत्र्याने नुसतं बोचकारलं तरी मी त्याला एकटं घरी जाऊ देत नाही.

सहावी: पेनने रेघ मारा

माझं आवडतं हत्यार म्हणजे साधं बॉलपेन. लाली जिथे संपते तिथे कातडीवर कडेकडेने रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची. दोन-तीन तासांनी पुन्हा बघायचं. लाली रेघेच्या आत असेल तर थांबता येतं. बाहेर गेली असेल तर निर्णय झाला, आता वाद नको. कातडी सावळी असेल तर लाली नीट दिसत नाही, तेव्हा बोटांच्या मागच्या बाजूने गरम भागाची हद्द चाचपायची, कातडी कुठपर्यंत ताणून चकाकते ते बघायचं आणि तिथे रेघ मारायची.

ही रेघ एवढी उपयोगी का, तर सुजलेल्या हाताचा मालक कधीच खरं बोलत नाही. "आहे तेवढंच आहे" हे वाक्य मी कोपरापर्यंत हात फुगलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं आहे. रेघ खोटं बोलत नाही, आणि डॉक्टरांनाही तिच्यावरून वेग कळतो.

जखमेपासून हृदयाच्या दिशेने लाल पट्टा वर सरकताना दिसला तर संसर्ग लसिकावाहिन्यांतून निघाला आहे. रात्र असो, सुट्टी असो, जायचं.

तोवर हात उंच ठेवा. झोपताना उशीवर, चालताना झोळीत. खाली लोंबत ठेवलेला हात दुप्पट ठणकतो.

सातवी: बोटाच्या चार खुणा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोचे शल्यविशारद ॲलन कॅनाव्हेल यांनी हाताच्या संसर्गावर काम केलं, त्यांच्या नावाने या खुणा ओळखल्या जातात. बोट चावलं असेल तर प्रत्येकाने बघाव्यात अशा आहेत. बोट आपोआप थोडं वाकून राहिलंय का? एखादंच पेर नाही, तर सबंध बोट फुगून आलंय का? तळव्याच्या बाजूने कंडरेच्या रेषेवर दाबलं की कळ येते का? आणि दुसऱ्या हाताने बोट हलकेच सरळ करायला गेलं की जीव जातो का?

ही शेवटची खूण सगळ्यात आधी उमटते. ती असेल तर बाकीच्या तीन दिसायची वाट बघू नका. कंडरेच्या वेष्टनातला पू नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, बहुतेकदा शस्त्रक्रियेने धुऊन काढावा लागतो, आणि दिवस दवडला तर बोट कायमचं ताठ राहू शकतं. आमच्याकडे सर्वांत चपळ हाताने मांजर पकडणारी एक मुलगी होती. शनिवारी चावा, "सोमवारी दाखवते" म्हणाली. आज तिची तर्जनी मुठीत मिटत नाही. त्या शनिवारी मीही तिला जाऊ दिलं होतं.

सांध्याच्या बाबतीतही हेच. मनगट किंवा पेर जरासं हलवलं तरी असह्य कळ येत असेल तर सांध्यात पू असू शकतो.

आठवी: थर्मामीटर आणि माणसाचा चेहरा

ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर, हुडहुडी, नाडी आणि श्वास जलद, बोलण्यात गोंधळ, लघवी कमी, हातपाय गार पण अंग तापलेलं, अंगावर जांभळे-काळे डाग: यातलं काहीही दिसलं तर संसर्ग आता जखमेत राहिलेला नाही, रक्तात उतरतो आहे. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, रुग्णवाहिका बोलवा आणि "प्राणी चावला होता" हे वाक्य आधी बोला. जखमेच्या मानाने वेदना कल्पनेबाहेर असेल, कातडी काळी-निळी पडत असेल, दाबल्यावर आत कुरकुर जाणवत असेल तर तीही तितकीच तातडीची बाब.

इथे माझी पेटी बंद

यापुढचं काम डॉक्टरांचं, पण ते काय करतात आणि का, हे ठाऊक असलं की माणूस कमी घाबरतो. ते जखम थोडी उघडून सलाइनच्या धारेने आतून धुतात, मेलेलं मांस काढतात. एक्स-रे काढतात तो दाताचा तुकडा, हाडाची चीर किंवा सांध्यातली हवा बघायला. पू असेल तर कल्चरला पाठवतात, म्हणजे प्रयोगशाळेत बशीवर जिवाणू वाढवून ओळखायला. चिठ्ठीवर 'प्राण्याचा चावा' लिहायला सांगा. कॅप्नोसायटोफॅगा इतका संथ वाढतो की प्रयोगशाळेला ठाऊक नसेल तर ती बशी लवकर टाकून देईल. पण ताज्या, न चिघळलेल्या जखमेचं कल्चर करून हाती काही लागत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

औषधात पहिली पसंती सहसा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडला असते. पाश्चुरेला पेनिसिलिनच्या घराण्याला दबतो, तर स्टॅफिलोकॉकस आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू ते औषध मोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या विकराला अडवतं. म्हणून जोडगोळी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर पहिल्या वाक्यात सांगा, दुसरे पर्याय आहेत.

घरातल्या डब्यात उरलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका. सेफॅलेक्सिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन ही एरवी चांगली औषधं एकेकटी पाश्चुरेलावर लंगडी पडतात. गोळी घेतली या समाधानात दोन दिवस जातात, आणि तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

बरी झाली आणि पुन्हा उलटली

मला सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते, आणि इथेही क्रम तोच. आधी विचारा, औषधाचा कोर्स पुरा केला का? तिसऱ्या दिवशी ठणका थांबला म्हणून गोळ्या बंद करणारे थोडेथोडके नाहीत. मग बघा, दिलेलं औषध चाव्याचं होतं की ओळखीच्या दुकानातून आणलेलं भलतंच. दोन्ही ठीक असेल तर आत पुवाचा कप्पा राहिला आहे का? वरून मऊ, मध्ये थुलथुलीत लागणारी गाठ गोळ्यांनी जात नाही, ती फोडून निचरा करावाच लागतो, आणि तो डॉक्टरांनीच. सुई तापवून घरी टोचणाऱ्यांशी मी बोलणं सोडलं आहे.

कप्पाही नसेल तर आत काहीतरी अडकलं असेल. दाताचं टोक, केस, हातमोज्याचा धागा. भोकातून महिनोन्महिने थोडा थोडा स्राव येत राहणं ही त्याची खूण. किंवा मग हाडाला संसर्ग लागलेला असतो. पहिल्या दहा-चौदा दिवसांत तो साध्या एक्स-रेवर दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे स्वच्छ आहे" हे पहिल्या आठवड्यातलं उत्तर तिसऱ्या आठवड्यात चालत नाही. पुन्हा काढायला सांगा, गरज पडली तर एमआरआय.

साखर तपासा, आधी कधी नसली तरी. न भरणाऱ्या जखमेमुळेच मधुमेह पहिल्यांदा सापडलेली दोन माणसं आमच्याकडेच आहेत.

आणि प्रतिजैविकांना दादच न देणाऱ्या, हातावरून वर ओळीने उमटत जाणाऱ्या गाठी दिसल्या तर हा जिवाणूच नसेल. मांजराच्या नखांतून स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशीही येते, तिला बुरशीचंच औषध लागतं. त्वचारोगतज्ज्ञाला गाठा.

ओरखडा विसरलात, अवधाण आलं

आता तो संथ प्रकार. मांजराने, बहुधा वर्षाच्या आतल्या पिल्लाने बोचकारलं. ३ ते १२ दिवसांत तिथे एक लालसर पुळी येते, कुणी तिच्याकडे बघत नाही. पुढे काखेत, मानेत किंवा जांघेत दुखरी गाठ, बारीक कणकण, थकवा. हा बार्टोनेला हेन्सेली. तो मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतो. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्यात येते. म्हणून यावरचा खरा उपाय मांजराच्या अंगावरच्या पिसवा घालवणं हा आहे, मांजर घालवणं नाही.

निरोगी माणसात ही गाठ बहुतेकदा काही आठवड्यांत, कधी दोन-चार महिन्यांत आपली आपण उतरते. डॉक्टर कधी ॲझिथ्रोमायसिन देतात. गाठ पिकली तर सुईने पू ओढून घेतात, चीर सहसा देत नाहीत, कारण चीर दिली की तिथून वाहणारं छिद्र मागे राहू शकतं. डोळा लाल होऊन नजर अंधुक झाली, ताप उतरेना, हृदयाची झडप आधीच खराब आहे किंवा एचआयव्ही आहे, तर हे घरी बसून बघायचं दुखणं नाही. आणि गाठ न दुखणारी, कडक असेल, वजन उतरत असेल, तर सगळा दोष मांजराच्या माथी मारून मोकळे होऊ नका. क्षय आणि लसिकाग्रंथींचा कर्करोगही गाठीनेच सुरू होतात, ते तपासून घ्या.

डॉक्टरांकडे निघताना मी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी देते: किती वाजता चावलं, कोणता प्राणी आणि तो आता कुठे आहे, किती वेळ धुतलं, धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी, रेबीजचे आधी किती झाले, कशाची ॲलर्जी, कोणती औषधं चालू, आणि रेघ किती वाजता मारली. ठणकत्या हाताचा माणूस यातलं निम्मं विसरतो.